शेवर्लेटवाले आबा, फोर्डवाले व्याही

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, शेवर्लेट गाडी आवडायची. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना फोर्ड आवडायची. या दोन आवडींच्या मधे सापडून माझं लग्न चिरडलं गेलं. हे सांगितलं की लोक आधी हसतात. मग माझ्या तोंडाकडे बघतात आणि गप्प होतात. पुढे मी मास्तरीण झाले, रहिमतपुरात शाळेवर जन्म काढला, पण अजूनही कुणी दोन पुरुष कोणती गाडी चांगली यावर बोलायला लागले की माझं डोकं फिरतं. मी उठून दुसरीकडे जाते. नाही गेले तर काहीतरी बोलून बसेन, आणि मग म्हातारी वेडी झाली म्हणतील.

तेव्हा एसटी नव्हती. गावोगावच्या मालकांच्या सर्व्हिस मोटारी चालायच्या. आबा सातारा–वाई–पाचगणी रस्त्यावर होते. आम्ही शेतकरीच, पण पोटापुरतं रान चुलत्यांकडे राहिलं आणि आबांनी स्टेअरिंग धरलं. त्या काळी ड्रायव्हर म्हणजे मामलेदाराच्या खालोखाल मान. पाचगणीच्या बोर्डिंगातल्या मडमासुद्धा त्यांना नमस्कार करायच्या, असं ते सांगत. खरं-खोटं त्यांनाच माहीत.

गाडीबद्दल आबांची कारणं पक्की होती आणि ती आम्हाला परवचा म्हणावा तशी पाठ होती. शेवर्लेटचं इंजिन आवाज करत नाही, पोटात गुरगुरतं. पसरणीच्या घाटात ती घाई करत नाही, पण थांबतही नाही; दुसऱ्या गिअरात टाकली की पोथी वाचत चढावं तशी चढते. तिचा क्लच मऊ, पायाला त्रास नाही. घाट उतरताना ती ड्रायव्हरचं ऐकते. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज असा हळवा व्हायचा की आई चुलीपाशी भांडं आदळायची. आईबद्दल असं एक वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

फोर्डवाल्यांचीही कारणं होतीच. तिच्यात दम जास्त, आठ शिलिंडरांची ताकद, रस्त्यात काही झालं तर गावचा लोहारसुद्धा उघडून जोडतो, चिखलात रुतली तर अंग झाडून बाहेर येते. ही कारणं मला नंतर कळली. आमच्या घरात ती उच्चारायची सोय नव्हती.

आता मला सांगा, यात भांडण्यासारखं काय आहे? घाटात चालवणाऱ्याला चढ-उताराला धीर देणारी गाडी लागते. तासगावकडच्या काळ्या रानातून, पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून जाणाऱ्याला ताकदीची लागते. ज्याचा जसा रस्ता तशी त्याची गाडी. हे मला सोळाव्या वर्षी चुलीपुढे बसून कळत होतं. पण खरं कारण तेही नव्हतं. वाईच्या ज्या मालकानं आबांना पहिल्यांदा नोकरी दिली, त्याच्याकडे शेवर्लेट होती. फोर्ड असती तर आबा जन्मभर फोर्डचे गोडवे गात बसले असते. ज्या गाडीनं पहिली भाकरी दिली ती चांगली, एवढीच गोष्ट होती. तसं सरळ म्हणाले असते तर मी पाया पडले असते. पण नाही, त्यांना इंजिनाचं शास्त्र सांगायचं असायचं.

आणि हे वेड नुसतं बोलण्यापुरतं असतं तरी चाललं असतं. शेवर्लेटवाला समोरून आला की आबा भोंगा वाजवून रामराम घालायचे. फोर्डवाल्याला बाजू द्यायची वेळ आली की मान दुसरीकडे. आम्ही घरची माणसंसुद्धा दुसऱ्या गाडीत बसायचं नाही, असा नेम होता. एकदा आई आजारी आजीला बघायला माहेरी निघाली होती. स्टँडवर फोर्ड उभी, जागाही रिकामी. आबांच्या भीतीनं आई बसली नाही. कडेवर धाकटी भावंडं आणि डोक्यावर गाठोडं घेऊन उन्हात शेवर्लेटची वाट बघत उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "सवत परवडली, तिला निदान भाकरी तरी करायला लावता येती."

मग लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसवल्या. पहाटे उठून भट्टी पेटवायची, भाता फिरवायचा, गॅस तयार झाला की मग गाडी निघणार. आबा घरी यायचे ते डोळे लाल आणि नाकपुड्या काळ्या घेऊन. घाट लागला की पॅसेंजर खाली उतरायचे आणि पुरुषमाणसं मागून रेटायची. कोळशावर सगळ्या गाड्या सारख्याच खोकत होत्या, सारख्याच धापा टाकत होत्या. मला वाटलं, चला, आता तरी हे थांबेल. कसलं थांबतंय. "कोळशावरबी शेवर्लेट शेवर्लेटच," असं आबा काळं तोंड धूत म्हणायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मी आमच्या मोरीत बघितला.

अशात माझ्या मामानं सांगलीचं स्थळ आणलं. मुलगा लष्करात मोटार चालवणारा, सुट्टीवर येणार. बाप सांगली–तासगाव रस्त्यावर ड्रायव्हर. आबा खूष झाले. ड्रायव्हरची लेक ड्रायव्हरच्या घरात जाणार, याहून चांगलं काय? चौकशी झाली ती सगळी रीतसर झाली. कूळ बघितलं, देवक बघितलं, रान किती ते बघितलं, मुलाला विडीची सवय आहे का तेही काढलं. एकच गोष्ट कुणी विचारली नाही, कारण दोन्ही बापांना वाटलं, शहाणा ड्रायव्हर आहे म्हणजे आपल्याच गाडीचा असणार. दुसरी काही शक्यता असते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

साखरपुडा झाला तेव्हा मुलगा अजून सुट्टीवर आलेला नव्हता. नारळ-साखर देऊन, लुगडं नेसवून सांगलीची माणसं गेली. पुढे तो महिनाभराच्या सुट्टीवर आला आणि लग्न ठरवायची बैठक आमच्या सोप्यात बसली. घोंगडी अंथरली, पान-सुपारी ठेवली. मी आणि आई दाराआड. शालू कुणी घ्यायचा, जेवणावळ किती माणसांची, मानपान कुणाचा कसा, एकेक गोष्ट पटापट मिटत गेली. लग्न साताऱ्यात आमच्या दारी आणि वरात सांगलीला, हेही ठरलं. आईनं माझ्या दंडाला हळूच चिमटा काढला, म्हणजे झालं आता.

तेवढ्यात सांगलीचे व्याही आरामात तक्क्याला टेकले आणि म्हणाले, "वरातीची काळजी करू नगा. आमच्या मालकांची टपाची फोर्ड सांगून ठेवलीया. पेट्रोलचीबी सोय केलीया. सुनंला मी सोता आणणार."

आबांच्या हातातला अडकित्ता थांबला. "फोर्ड?"

"व्हय, फोर्ड."

"तुमी फोर्डवर हाय?"

"मग? हयात गेली. तुमी कशावर हाय?"

"शेवर्लेट," आबा म्हणाले. कुणीतरी जात विचारावी आणि आपण छाती काढून सांगावी, तसे म्हणाले.

माझा मामा दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग आबांनी सांगून टाकलं, "माझी लेक माझ्या दारातनं शेवर्लेटमधी बसून जाईल. आमच्या मालकांनी वरातीला गाडी द्यायचा शब्द दिलाय. मी चालवणार."

"आवं, वरात नवऱ्याकडची असती. कवापास्नं व्याही वरात काढाय लागलं?"

"लेक माझी हाय."

"सून माझी हाय."

मी दाराआड होते. लेक आणि सून दोन्ही मीच होते. आत येऊन "मी इथं हाय" असं ओरडावंसं वाटलं. आईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

मामा बिचारा भला माणूस. त्यानं मध्यम मार्ग काढला. "कराडपत्तुर शेवर्लेट, कराडच्या म्होरं फोर्ड. दोगांचाबी मान ऱ्हातो." दोघांनी विचार केल्यासारखं केलं. मग व्याही म्हणाले, नवरीला मधे वाटेत उतरवायची म्हणजे अपशकुन. आबा म्हणाले, उतरवायचीच तर कराडला का, पार सांगलीच्या वेशीवर उतरवू. व्याही म्हणाले, मग साताऱ्याच्या वेशीवर का नको? मामानं कपाळाला हात लावला आणि शेवटचा उपाय काढला. कोरेगावला आगगाडीत बसावं आणि सरळ सांगलीकडं उतरावं. ना तुमची गाडी, ना त्यांची.

तेव्हा मात्र दोघे व्याही एका सुरात ओरडले. "ड्रायवरच्या पोरीची वरात आगीनगाडीतनं?" आणि एकमेकांकडे बघून त्यांनी माना हलवल्या. गाडीच्या सगळ्या बोलण्यात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावर.

माझा संताप असा की हे दोघेही वाईट नव्हते. दारूडे नव्हते, हुंड्याला हपापलेले नव्हते. बैठकीत शालूवरून, मानपानावरून एकदासुद्धा आवाज चढला नव्हता. असले लोक वाईट असते तर मी कधीच मोकळी झाले असते. चांगल्या माणसांनी गाढवपणा केला की त्यांना शिव्यासुद्धा धड देता येत नाहीत.

साखरपुडा मोडायला कुणीच तयार नव्हतं, कारण त्यात नाक जातं. मग सुरू झाले निरोप. त्या वेळी कुणाचा कुणाला निरोप असला की तो सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरच्या तोंडी जायचा. साताऱ्याहून कराडला एक ड्रायव्हर, कराडहून सांगलीला दुसरा. आणि हे सगळे कोण? तेही फोर्डवाले आणि शेवर्लेटवालेच. प्रत्येकानं आपापलं तिखटमीठ लावलं. व्याह्यांनी "जरा समजुतीनं घ्या" असं सांगून धाडावं, तर साताऱ्याच्या स्टँडवर येईपर्यंत त्याचं "घाटातल्या गाडीवाल्याला समज कमी" व्हायचं. आबांचा निरोपही तिकडे असाच सजून पोचत असणार. दोन्ही स्टँडांवर चहा पिताना माझ्याच लग्नाची चर्चा. कुणी पैज लावली की वरात फोर्डमधून निघणार, कुणी म्हणे शेवर्लेटमधून. ज्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी माझ्यावर विड्यांची बंडलं लावली होती.

दिवस चालले होते. एक मुहूर्त गेला. आबा म्हणाले, दुसरा आहे. आई म्हणाली, "आवं, त्याची सुट्टी हाय. ती काय तुमच्या घाटासारखी जाग्यावर ऱ्हातीया व्हय?" आबांनी तिला गप्प बसवलं. बायकांना गाडीतलं काय कळतं, असं म्हणाले. आईला गाडीतलं काही कळत नव्हतं हे खरंच. तिला सुट्टीतलं कळत होतं, कारण तिचा थोरला भाऊ आधीच्या लढाईत सुट्टी संपवून गेला तो परत आला नव्हता.

एका दुपारी मुलगा स्वतःच आमच्या दारात आला. बापाला न सांगता आला होता. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा बघितलं. उंच, उन्हानं रापलेला, केस लष्करी बारीक कापलेले. पायरीवर बूट काढले ते अगदी ओळीत ठेवले. आबांनी बस म्हणायच्या आधी विचारलं, "कुठल्या गाडीनं आला?"

"मिळाली तिनं आलो," तो म्हणाला.

आबांना ते उत्तर आवडलं नाही. पण पाहुणा होता, म्हणून गूळ-पाणी मागवलं. तो मांडी घालून बसला आणि सरळ बोलला. "आबा, तुमचं बी बरोबर, आमच्या अण्णांचं बी बरोबर. तुमी दोगंबी मागं बसा. गाडी मी चालवतो. कुठलीबी द्या."

"नवऱ्या मुलानं बाशिंग बांधून स्टेअरिंग धरायचं? लोक शेण घालतील तोंडात."

"मग चालत नेतो वरात."

"सांगलीपत्तुर?"

"पलटनीत लय चालल्यालो हाय."

तो हसत होता, पण मला दाराआडून दिसलं की त्याचे हात मांडीवर घट्ट आवळलेले होते. आबांनी त्याला लष्करात कोणती गाडी देतात ते विचारलं, डोळ्यांत आशा आणून. तो म्हणाला, "तिथं गाडीचं नाव कोन बघतंय, आबा? आज हातात हाय ती उद्या नसती. चालू झाली की चांगली." एवढ्या साध्या वाक्यात त्यानं सगळा प्रश्न सोडवून टाकला होता. आबांना वाटलं, पोरगं अजून कच्चं आहे.

मी पाण्याचा तांब्या परत घ्यायला गेले तेव्हा आबा पायरीवर कुणाशी तरी बोलत होते. त्यानं खालच्या आवाजात मला विचारलं, "तुमास्नी कुठली गाडी आवडती?"

सगळ्या जगात मला हे विचारणारा तो एकटा. मी खरं तेच बोलले, "मला गाडी लागती. कुठल्याबी गाडीत उलटी हुती."

तो इतका हसला की आबांनी वळून बघितलं. "मग वाटंत चार बाऱ्या थांबू," तो म्हणाला. त्या वाक्यावर मी त्याची झाले. लग्न लागायला भटजी, मंगलाष्टका, अक्षता लागत असतील लोकांना. मला नाही लागल्या.

तो गेला. त्याच्या येण्यानं आबा नरम होतील असं आईला वाटलं. झालं उलटंच. मुलानं बापाला न विचारता साताऱ्याला जाऊन शेवर्लेटवाल्याच्या पायऱ्या झिजवल्या, असं कराडच्या ड्रायव्हरनं सांगलीत पोचवलं. व्याही भडकले. दुसरा मुहूर्तही गेला. आबा रोज जेवताना म्हणत, "नमतील, नमतील." तिकडे व्याहीही तेच म्हणत असतील. दोघेही वाट बघत बसले, आणि सुट्टी संपली.

मी तेव्हा रहिमतपुरात आत्याकडे होते. घरात माझं आणि आबांचं बोलणं बंद झालं होतं, म्हणून आईनं मला तिकडे धाडलं होतं. मामानं आत्याला कळवलं की अमुक दिवशीच्या गाडीनं मुलगा जातोय. आत्या विधवा, कुणाला न भिणारी. ती म्हणाली, "चल ठेसनावर. कोन काय म्हनंल ते मी बघती." आम्ही स्टेशनावर गेलो. खाकीवाल्यांनी डबा भरलेला होता. आत्यानंच हाका मारून त्याला शोधला. तो खिडकीशी आला. मी शेंगदाण्याच्या लाडवांचं गाठोडं वर दिलं. त्यानं ते घेतलं आणि माझा हात जरा वेळ सोडला नाही. सगळे बघत होते. मला लाज वाटली नाही.

"पुढच्या सुट्टीला कुनाचं ऐकत न्हाई," तो म्हणाला. "आत्याच्या दारात हार घालू नि मोकळं हू."

"आत्ताच उतरा खाली," मी म्हणाले. खरंच म्हणाले होते. तो हसला, पण या वेळी नीट हसला नाही. गाडी सुटली.

पुढची सुट्टी आली नाही. ब्रह्मदेशाच्या बाजूला रसद घेऊन जाताना त्याच्या गाड्यांवर मारा झाला, एवढं सांगलीला कळलं. आम्हाला ते कराडच्या ड्रायव्हरकडून कळलं. त्या एका निरोपाला कुणी तिखटमीठ लावलं नाही.

मी कपाळाचं कुंकू पुसायला गेले तर आईनं हात धरला. "लगीन कुठं झालंय? पुसू नगंस, अवलक्षण हाय." मी रडायला लागले तर शेजारणी म्हणाल्या, परक्या पुरुषासाठी इतकं रडू नये. दोन महिन्यांनी त्याच शेजारणी म्हणायला लागल्या की पोर पांढऱ्या पायाची, साखरपुडा झाला नि नवरा खाल्ला. म्हणजे रडायच्या वेळी तो माझा कुणी नव्हता आणि दोष द्यायच्या वेळी तो माझा नवरा होता. याचा राग मी कुणावर काढायचा होता? पुढे जी स्थळं आली ती हे ऐकूनच मागे फिरली. आत्यानं मला रहिमतपुरात नेऊन फायनलच्या परीक्षेला बसवलं, म्हणून मी आज चार अक्षरं लिहिते आहे.

आबा त्या बातमीनंतर खचले हे मी नाकारत नाही. जेवण कमी झालं. माझ्यासमोर यायचं टाळायचे. एकदा आईला म्हणाले, "फोर्डमदनं जाऊ दिली असती तर काय झालं असतं?" वरातीमागून घोडं म्हणतात, पण माझी तर वरातच निघाली नव्हती.

दिवाळीनंतर सांगलीचे व्याही आमच्याकडे आले. मी तेव्हा साताऱ्यात होते. ते दारात उभे राहिले आणि मला ओळखूच आले नाहीत, इतके वाळले होते. आबा धावत गेले. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि अशी रडली ती दोन म्हातारी माणसं की गल्लीतले लोक बाहेर आले. मीही आत रडले. माझा राग त्या वेळी निम्मा उतरला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं, या दोघांनीही गमावलंच आहे. व्याह्यांचा तर पोटचा गोळा गेला.

आईनं चहा ठेवला. मी पातेलं घेऊन सोप्याच्या दाराशी आले, तोवर त्यांचं रडणं ओसरलं होतं. दोघे तक्क्याला टेकून बसले होते. व्याही डोळे पुसत म्हणाले, "एक कळलं न्हाई बगा. शेवटाला त्याच्या हाताखाली कुठली गाडी हुती, ते काय कळलं न्हाई."

आबा म्हणाले, "डोंगराचा मुलूख म्हंत्यात तो. डोंगराला शेवर्लेटच देत असतील."

"न्हाई न्हाई. तिकडं पाऊस लय. चिखुल. फोर्डशिवाय भागायचं न्हाई. आनि पोरगं माझ्याच हाताखाली शिकल्यालं."

"पन चढाला..."

"चढाचं सोडा. आठ शिलिंडर..."

त्यांचे आवाज मोकळे झाले होते. व्याही पुढे सरसावून बसले होते, आबांचा हात हवेत घाटाचं वळण काढत होता. इतक्या महिन्यांत आबांच्या तोंडावर तो तजेला मी बघितला नव्हता. दोघांचं छान जमलं होतं. मढ्यावर बसून जमलं होतं.

मी पातेलं खाली आदळलं. चहा घोंगडीवर सांडला.

"म्हैनाभर घरी हुता त्यो," मी म्हणाले. "तवा इचारायचं हुतं त्याला. त्याला काय पायजे ते कुनी इचारलं न्हाई, नि मलाबी न्हाई. आता बसा दोगं गाडी हुडकत."

"गप गं," आबा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. त्यांचा हात अजून हवेतच होता, तो त्यांनी हळूच खाली घेतला.

व्याही माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं. "मग आता सांग, पोरी," ते म्हणाले. "तुला काय पायजे हुतं?"

"नवरा पायजे हुता," मी म्हणाले. "गाडी मी कवा मागितली हुती?"